डॅशबोर्डाआड गेलेली कॉइल

नांदेड आणि लातूरच्या गॅरेजांत ज्याला कूलिंग कॉइल म्हणतात, तो भाग म्हणजे नळ्या आणि पातळ पत्र्यांची एक छोटी, दाट जाळी. दाबाखालचा द्रवरूप गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून या जाळीत शिरतो. तिथे दाब एकदम उतरतो, गॅस उकळतो, आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता ब्लोअरने ढकललेल्या हवेतून ओढून घेतो. केबिनमध्ये येणारी गार हवा ती हीच. कॉम्प्रेसर आणि पुढचा कंडेन्सर धडधाकट असले तरी या जाळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले, की गॅस निघून जातो आणि एसी बंद पडतो.

पिकअपची कॉइल बदलणे हे आज या दोन्ही शहरांत उन्हाळ्यातले नेहमीचे काम आहे. धंदा मात्र जुना नाही. त्याची मुळे शोधत गेले तर १९८० च्या दशकापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. एवढ्या थोड्या काळात कॉइलची जागा बदलली, धातू बदलला आणि तिच्यातून फिरणारा गॅसही बदलला. मिस्त्रीचे कसब, हत्यारे आणि गिऱ्हाईक या बदलांच्या मागोमाग बदलत गेले. त्यांतही जागेचा बदल सर्वांत परिणामकारक ठरला, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

नांदेड गोदावरीकाठी आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर. लातूर बालाघाटच्या पठारावर, त्याहून पावणेतीनशे मीटर उंच. त्यामुळे लातूरचा उन्हाळा थोडा सौम्य. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नेहमीचेच. एसी येण्याआधी या उन्हावर उपाय होता तो पाण्याच्या बाष्पीभवनाचा : दारांना वाळ्याच्या ताट्या, टपावर ओली पोती आणि ट्रकच्या पुढच्या अंगाला लटकवलेली कॅनव्हासची छागल. गाडी धावू लागली, की वारा छागलीवरचा ओलावा उडवून नेई आणि आतले पाणी गार होई. एसीची कॉइलही द्रवाची वाफ करूनच गारवा देते. छागलीतले पाणी हवेत जाते ते परत येत नाही. कॉइलमधला गॅस कॉम्प्रेसर गोळा करून पुन्हा कामाला लावतो.

मराठवाड्यातल्या मोटार वाहतुकीला संघटित रूप आले ते निजामाच्या काळात. हैदराबाद संस्थानाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. नांदेडला रेल्वे त्याआधीच, १९०० च्या सुमारास, मनमाड-सिकंदराबाद मार्गाने पोहोचली होती. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आली. गारव्याची सोय यांपैकी कशातच नव्हती. देशात गाडीचा डबा गार करण्याचा गाजलेला प्रयोग १९३४ मध्ये फ्रंटियर मेलमध्ये झाला, आणि तोही बर्फाच्या लाद्यांवर चालणारा. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी मोटारींच्या सुट्या भागांची वाट नांदेडपुरती हैदराबादकडेच राहिली. त्यात नवल नाही. नांदेडहून पुण्याच्या मानाने हैदराबाद कितीतरी जवळ पडते. लातूरचे तोंड मात्र सोलापूर आणि पुण्याकडे वळले. नांदेडचा माल हैदराबादचा आणि लातूरचा पुण्याच्या नाना पेठेतला, ही विभागणी अशी भूगोलातून आलेली आहे.

कारखान्यातूनच एसी बसवून आलेली पहिली मोटार अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीची. १९३९ च्या अखेरीस ती प्रदर्शनात मांडली गेली. तिची कॉइल मागच्या सीटच्या पाठीशी होती आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. इतका गैरसोयीचा एसी दोन वर्षांत बाजारातून गेला यात आश्चर्य नाही. १९५४ मध्ये नॅश कंपनीने सगळी यंत्रणा गाडीच्या पुढच्या भागात बसवली, आणि आजच्या मांडणीचे मूळ तिथे आहे.

भारतात एसी ही चैनीची वस्तू मानून तिच्यावर जबर कर लावला जाई. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या वर्षानुवर्षे बिनएसीच्या विकल्या गेल्या. ज्याला हौस आणि ऐपत होती, तो मुंबई-हैदराबादच्या फिटरकडून वेगळा संच बसवून घेई. १९८४ ची काँटेसा आणि त्याच सुमाराची मारुती यांनी चित्र बदलले. मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली. १९८५ मध्ये सुब्रोस ही कंपनी निघाली. तिच्यात जपानच्या डेन्सो आणि सुझुकी या कंपन्यांची भागीदारी होती. मोटारीचा एसी देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागला तो तेव्हापासून. हळूहळू डॉक्टर, व्यापारी, साखर कारखान्यांचे पदाधिकारी अशांच्या गाड्यांतून तो मराठवाड्यात आला.

त्या काळी बाहेरून बसवलेल्या संचाची कॉइल डॅशबोर्डाच्या खाली, डाव्या सीटवरच्या माणसाच्या गुडघ्यांसमोर, एका काळ्या पेटीत टांगलेली असे. चार बोल्ट काढले, दोन नळ्यांचे नट सोडले, की पेटी मांडीवर. कॉइल तांब्याच्या नळीची आणि तिच्यावर ॲल्युमिनियमची पाती. भोक सापडले तर तिथेच झाळून मोकळे होता येई. या कामाला लागणारे हात गावात आधीपासून होते. पितळी रेडिएटरला डाग देणारे कारागीर, फ्रीज दुरुस्त करणारे, डायनॅमो-स्टार्टर बांधणारे ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम करून बाहेर पडलेली मुले, अशा चार वाटांनी माणसे या धंद्यात आली. बहुतेकांचे शिक्षण उस्तादाच्या हाताखालीच झाले. धंदा हंगामी होता आणि आजही आहे : गुढीपाडव्याला सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडला की ओसरतो. उरलेले आठ-नऊ महिने तोच मिस्त्री वायरिंग करतो, बॅटऱ्या पाहतो.

गळती शोधण्याची त्या वेळची रीत आता इतिहासजमा झाली आहे. तेव्हा गॅस होता आर-१२. तो क्लोरीनयुक्त असल्याने हॅलाइड टॉर्चच्या निळसर ज्योतीजवळ आला, की ज्योत हिरवी होई. टॉर्चची नळी हातात धरून सांध्यासांध्यावरून फिरवायची आणि रंग कुठे पालटतो ते पाहायचे. साबणाच्या फेसाला न सापडणारी गळतीही ज्योतीला सापडे. जळालेल्या गॅसचा धूर मात्र विषारी असे, आणि बंद शेडमध्ये वाकून काम करणाऱ्याला त्याची झळ बसे. त्या काळाच्या आठवणी काढताना या बाजूचा उल्लेख सहसा राहून जातो.

१९९० च्या दशकात गाड्यांची संख्या वाढली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पुनर्वसनाचे काम कित्येक वर्षे चालले आणि सरकारी खात्यांच्या, संस्थांच्या, कंत्राटदारांच्या जीपगाड्या लातूर-औसा-किल्लारी रस्त्यावर फिरत राहिल्या. कापडी टपाच्या जीपला एसीचा उपयोग नव्हता. पण १९९४ मध्ये टाटा सुमो आली. सुमंत मूळगावकरांच्या नावावरून नाव मिळालेली ही बंद, दणकट गाडी मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांना आणि भाड्याच्या धंद्याला मानवली. तिच्या वरच्या प्रकारांत पुढे आणि मागे अशा दोन कॉइली असत. एकाच गाडीत दोन ठिकाणी गळती शोधावी लागणे हा गॅरेजांना नवा अनुभव होता.

दरम्यान गॅसवरच संक्रांत आली होती. आर-१२ मुळे वातावरणातला ओझोनचा थर विरतो हे सिद्ध झाल्यावर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. २००० मध्ये केंद्राने ओझोन विरळ करणाऱ्या पदार्थांचे नियम केले. नव्या गाड्यांत आर-१३४ए आला, जुन्यांत आर-१२ चालू राहिला. काही वर्षे दोन्ही गॅस एकाच शेडमध्ये नांदले. हा संधिकाल गॅरेजांना महाग पडला. आर-१२ बरोबर खनिज तेल चाले. आर-१३४ए ला ते मानवत नाही, त्याला पीएजी तेल लागते आणि ते हवेतला ओलावा झपाट्याने शोषते. रबरी ओ-रिंग वेगळ्या, ड्रायर वेगळा, भरण्याचे तोंडही वेगळे. हिरव्या ज्योतीची परीक्षा निरुपयोगी झाली, कारण नव्या गॅसमध्ये क्लोरीनच नाही. तेल न बदलता नवा गॅस भरलेल्या गाड्यांचे कॉम्प्रेसर जाम होऊन परत आले, की ठपका कंपनीच्या गॅसवर ठेवला जाई. चूक बहुतेक वेळा न बदललेल्या तेलाची असे. आर-१२ सारखे सीएफसी वायू हद्दपार करण्याच्या राष्ट्रीय आराखड्याखाली मिस्त्रींसाठी प्रशिक्षणे झाली. त्यांत मोटारींच्या एसीचाही समावेश होता. तरी कळत-नकळत स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील मिश्रण भरण्याचा उद्योग देशभर चालत आला आहे. ते गार करते, यात खोटे नाही. पण कॉइल केबिनच्या आत असते, आणि ती फुटली तर तो वायू थेट चालकाच्या पुढ्यात येतो.

पिकअपचा प्रवेश या कथेत उशिरा होतो. टाटा मोबाइल १९८८ मध्ये आली, त्यामागून २०७. २००० मध्ये महिंद्राची बोलेरो आली आणि तिच्यावर बेतलेल्या पिकअप व कॅम्पर यांनी मराठवाड्याचे रस्ते काबीज केले. २००५ मध्ये टाटा एस आली. तिला छोटा हत्ती हे नाव लोकांनी उचलून धरले. भाजीपाला, दुधाचे कॅन, लातूरच्या आडतीवर जाणारे सोयाबीन आणि तूर, अर्धापूरची केळी, बँडवाल्यांचे सामान, असे सगळे या गाड्या वाहतात. पण त्यांतल्या बहुसंख्य बिनएसीच्या निघाल्या, आणि त्यामागे केवळ कंजुषी नव्हती. पहिल्या छोट्या हत्तीचे इंजिन ७०२ सीसीचे, १६ अश्वशक्तीचे. एसीचा कॉम्प्रेसर त्यातली दोन-तीन सहज खाऊन टाकतो. भरल्या गाडीने घाट चढायचा तर ती परवडण्यासारखी नव्हती. बोलेरोच्या अडीच लिटरच्या इंजिनाला हा भार जड नव्हता. म्हणून कॅम्परच्या वरच्या प्रकारांत एसी आला, आणि पिकअप घेणाऱ्यांपैकी काहींनी तो बाहेरून बसवून घेतला.

इथेच कॉइलच्या जागेचा बदल भोवला. नव्या गाड्यांत टांगती पेटी नाही. कॉइल, ब्लोअर आणि असलाच तर हीटर, हे सगळे डॅशबोर्डाच्या पोटात एका प्लॅस्टिकच्या खोक्यात बंद असते. बाहेर दिसतात फक्त इंजिनच्या बाजूला निघालेल्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या. पूर्वी कॉइल काढायला अर्धा तास लागे. आता अख्खा दिवस जातो, आणि त्यातला कॉइलवर खर्ची पडतो तो थोडाच. बाकीचा वेळ वाट करण्यात जातो.

आधी गळती कॉइलचीच आहे याची खात्री करावी लागते, कारण ती दिसत नाही. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. म्हणून कॉइलचे पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी तेलकटपणा आहे का, ते बोटाने पाहतात. नायट्रोजनचा दाब भरून यंत्रणा काही वेळ तशीच ठेवतात आणि गेजची सुई उतरते का, यावर नजर ठेवतात. जाळीच्या खिडक्यांशी इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर धरतात. मग बॅटरीची तार सोडणे, स्टिअरिंग उतरवणे, मीटर काढणे, डॅशबोर्डाचे बोल्ट शोधणे. शोधणे हाच शब्द योग्य आहे, कारण दोन-तीन बोल्ट नेहमी पट्ट्यांआड लपलेले असतात. डॅशबोर्ड बाहेर येतो, खोके उघडते आणि जुनी कॉइल हाती येते.

त्या कॉइलवर या प्रदेशाची सगळी नोंद सापडते. पुष्कळ पिकअपना केबिन फिल्टर नसतो. सोयाबीनचा आणि तुरीचा भुसा, हळदीची पूड, काळ्या मातीची धूळ कॉइलवर येते, ओल्या पात्यांना चिकटते आणि तिथे चिखलासारखा थर धरतो. नागपूर-रत्नागिरी महामार्गाचा भाग असलेल्या, नांदेड-लोहा-अहमदपूर-चाकूर-लातूर जोडणाऱ्या रस्त्याचे काम चालू असताना त्यात मुरुमाचीही भर पडली. थर बसला, की हवा अडते, कॉइलवर बर्फ धरतो, आणि चालक म्हणतो की एसी तासाभराने फेकत नाही. थराखाली कायम ओल राहते, ॲल्युमिनियम आतून-बाहेरून खचते, आणि एक दिवस भोक पडते. शेतावर किंवा गोदामात रात्रभर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर ब्लोअरमध्ये घरटे करतात, ती वेगळीच तऱ्हा. निचऱ्याची नळी मातीने बुजली तर पाणी चालकाच्या पायाशी येते. तीच आगामी बिघाडाची पहिली खूण असते आणि नेमकी तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

नवी कॉइल बसवताना खरी परीक्षा लहान गोष्टींत असते. ओ-रिंग नव्या आणि तेल लावून बसवलेल्या हव्यात. ड्रायर बदलायलाच हवा, कारण उघड्या यंत्रणेत तो तासाभरात हवेतला ओलावा पिऊन निकामी होऊ शकतो. जुन्या कॉइलबरोबर गेलेले तेल नव्या कॉइलमध्ये मोजून घालायला हवे. मग व्हॅक्यूम पंप, निदान अर्धा तास, म्हणजे आत राहिलेले पाणी वाफ होऊन निघून जाईल. इथे उंचीचा एक बारकावा आहे. समुद्रसपाटीला पूर्ण निर्वात दाखवताना गेजची सुई ३० इंचांच्या अगदी जवळ जाते. लातूरला हवेचाच दाब कमी असल्याने ती २८ च्या अलीकडेच थांबते. पुस्तकातला आकडा पाठ केलेला नवशिका अशा वेळी नसलेली गळती शोधत बसतो. शेवटी गॅस. तो वजनावर मोजून भरायचा, कारण कमी-जास्त दोन्ही वाईट. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी तो अजून गेजकडे पाहून आणि नळी हाताला किती गार लागते त्यावरून भरला जातो. अनुभवी हात यात फारसा चुकत नाही. पण ४२ अंशांच्या दुपारी आणि पावसाळी संध्याकाळी तीच सुई वेगवेगळे सांगते.

डॅशबोर्ड परत बसला, की दोन-चार क्लिपा तुटलेल्या असतात. गाडी रस्त्यावर येते तेव्हा एसी उत्तम चालतो, पण डॅशबोर्ड किरकिरतो, आणि गिऱ्हाईक परत येते ते त्या आवाजासाठी.

दुरुस्तीची जागा बदलीने घेतली त्याचेही कारण इथेच आहे. तांब्याच्या कॉइलच्या जागी आधी ॲल्युमिनियमची आली, पुढे पातळ पत्रे एकावर एक रचून भट्टीत जोडलेली. हिच्या मधल्या पत्र्यातले भोक झाळता येत नाही, आर्गन वेल्डिंगनेही नाही. कडेचे भोक एखादे वेळी बुजवता येते. पण ते टिकले नाही तर डॅशबोर्ड पुन्हा उतरवायचा, आणि ती मजुरी नव्या कॉइलच्या किमतीच्या तोडीची. म्हणून शहाणा मिस्त्री झाळकामाला नाही म्हणतो. रेडिएटरला डाग देणाऱ्या ज्या हातांनी हा धंदा उभा केला, त्यांचे काम त्यात उरले नाही. त्यांच्याऐवजी महत्त्व आले ते सुट्या भागांच्या दुकानदाराला : अस्सल कॉइल, तिच्यासारखी दिसणारी स्वस्त कॉइल, आणि मुंबईच्या कुर्ल्यातल्या सीएसटी रोडसारख्या जुन्या बाजारातून आलेली वापरलेली कॉइल, या तिन्हींतून निवड करायची असते. वापरलेली कॉइल घेण्यात बचत नाही. तिचे उरलेले आयुष्य कुणालाच माहीत नसते आणि मजुरी तेवढीच पडते.

पुढचा बदल पुन्हा गॅसचा आहे. आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार भारताला अशा वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आहे, २०३२ पासून कपात सुरू करायची आहे आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. भारताने या दुरुस्तीला २०२१ मध्ये मान्यता दिली. युरोपात नव्या मोटारींत २०१७ पासून आर-१३४ए चालत नाही. तिथे प्रामुख्याने आर-१२३४वायएफ वापरतात, आणि तो थोडा ज्वलनशील आहे. तो मराठवाड्याच्या शेडमध्ये पोहोचेल तेव्हा पंप, डिटेक्टर आणि गॅस काढून घेण्याचे यंत्र पुन्हा नव्याने घ्यावे लागेल.

कायद्याने मात्र चालकाच्या गारव्याची दखल आता घेतली आहे. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ गटांतल्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. एन-२ म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांहून अधिक आणि बारा टनांपर्यंत, एन-३ त्याहून जड. पिकअप आणि छोटा हत्ती साडेतीन टनांच्या आत, म्हणजे एन-१ गटात येतात. त्यांना हा नियम लागू नाही.